गुरुसिद्धप्पाची रस्त्यावरची भिंत

गुरुसिद्धप्पा गवंडी स्वतःबद्दल बोलायला लागला की त्यातलं निम्मं खरं असायचं. कोणतं निम्मं, ते ऐकणाऱ्याने आपापल्या जबाबदारीवर ठरवायचं. माणूस अक्कलकोटकडचा. घरात कानडी, कामावर मराठी आणि शिव्या दोन्हींत. सकाळी कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे ओढून यायचा. संध्याकाळपर्यंत विभूती कुठे संपते आणि सिमेंट कुठे सुरू होतं, हे त्याच्या बायकोलाही सांगता आलं नसतं.

तो फक्त घराच्या बाहेरचा गिलावा करायचा. आतल्या कामाला हात लावायचा नाही.

"आत काय हाय?" तो म्हणायचा. "क्यालेंडर लावलं की झाकतंय. भाईर क्यालेंडर लावता येत न्हाय."

त्याची बायको पार्वतम्मा त्याच्याच हाताखाली काम करायची. वाळू चाळायची, माल कालवायची, घमेलं वर द्यायची. तो दिवसभर बोलायचा आणि ती दिवसभर ऐकायची नाही. यामुळे त्यांचा संसार सुरळीत चालला होता.

गुरुसिद्धप्पाचं एकच दुखणं होतं. इतकी वर्षं त्याने सोलापुरात भिंती सजवल्या, पण सगळ्या बोळांत. समोरच्या घराची भिंत हातभर अंतरावर, मागे सरकून बघायला जागाच नाही. "माझं काम कुनी पाह्यलंच न्हाय," तो सांगायचा. "पाह्यलं फक्त शेजारच्या म्हशीनं." एक भिंत रस्त्यावर पाहिजे, जाणाऱ्या-येणाऱ्याने मान वर करून बघावी अशी, एवढीच त्याची इच्छा होती.

ती भिंत त्याला अठ्ठ्याहत्तर साली दिवाळीनंतर मिळाली. मी तेव्हा सिव्हिलचा डिप्लोमा पास होऊन नोकरीची वाट बघत नवी पेठेजवळ भाड्याच्या खोलीत राहत होतो. समोरच बोरामणीकरांचं घर. सगळं डिप्लोमाचं ज्ञान ताजं होतं आणि ते कोणी मागत नव्हतं. त्यामुळे मी गॅलरीत बसून समोर काय चाललंय ते बघायचो आणि जमेल तिथे न मागता सल्ला द्यायचो.

बोरामणीकरांचं घर लांबलचक, वर मातीचं माळवद, रस्त्याकडे सरळ एकच भिंत आणि त्या भिंतीला दोन दारं. डावीकडे थोरले कमलाकर, शाळेत गणित शिकवायचे. उजवीकडे धाकटे मुकुंद, नवी पेठेत त्यांचं साड्यांचं दुकान. वडील गेल्यावर दोघांनी घर वाटून घेतलं. वाटणी इतकी काटेकोर झाली की पाटा थोरल्याकडे गेला आणि वरवंटा धाकट्याकडे. तेव्हापासून दोन्ही घरांत चटणी विकतची यायची आणि भाऊ एकमेकांशी बोलायचे नाहीत. बोलायचं असलं तर तिसऱ्याला उभं करून बोलायचे.

भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दंतमंजनाची जुनी जाहिरात रंगवलेली होती. त्या पावसाळ्यात गिलाव्याचा एक मोठा पोपडा सुटला आणि जाहिरातीतल्या बाईचे दात गेले. लोक हसायला लागले. बाईच्या तोंडाची हद्द कोणाकडे येते यावर दोन्ही घरांत वेगवेगळं मत होतं. शेवटी कमलाकर मास्तरांनी गुरुसिद्धप्पाला बोलावलं. मास्तरांनी बोलावलं हे कळताच मुकुंदशेठनीही त्यालाच बोलावलं, कारण दुसरा गवंडी आणला आणि तो कमी निघाला तर काय घ्या.

गुरुसिद्धप्पाने भिंत पाहिली आणि त्याचा आवाजच बसला. पार्वतम्माने मला नंतर सांगितलं की लग्नातसुद्धा तो असा गप्प झाला नव्हता.

त्याच्या मनात आलं की या भिंतीला दाणेदार गिलावा करायचा. त्याची रीत अशी. आधी एक सरळ थर द्यायचा आणि तो ओला असतानाच त्यावर ओरखडे ओढायचे. तो सुकून घट्ट धरला की मग बारीक खडीचा पातळ माल थापीवर घेऊन हातभर अंतरावरून मनगटाच्या झटक्याने भिंतीवर मारायचा. माल लिंपायचा नाही, मारायचा. दाणे उडून चिकटतात आणि भिंतीला काटा आल्यासारखं दिसतं. यात गोम अशी की प्रत्येक गवंड्याचा झटका वेगळा असतो. एका भिंतीवर दोन हात लागले की दाणे दोन जातींचे पडतात, आणि उन्हात ते आंधळ्यालाही कळतं. म्हणून ही भिंत पूर्ण एकाच हाताने आणि एकाच पद्धतीने व्हायला पाहिजे होती.

आणि बोरामणीकर बंधूंना तर कशातच एक व्हायचं नव्हतं.

गुरुसिद्धप्पा आधी मास्तरांकडे गेला. मी गॅलरीत होतो, सगळं ऐकू येत होतं.

"मास्तर, धाकटे शेठ गुळगुळीत गिलावा मागतेत," तो म्हणाला. मुकुंदशेठशी त्याचं अजून या विषयावर एक अक्षर बोलणं झालं नव्हतं.

"गुळगुळीत?" मास्तर म्हणाले. "मागेलच. साड्या विकतो ना. त्याला सगळं घडी करून ठेवता आलं पाहिजे. मला तसलं काही नको. दुसरं काय आहे तुझ्याकडे?"

"दाणेदार हाय की. पण ते जरा शिकल्यासवरल्या लोकांचं काम पडतंय."

"मग तेच कर."

तो पायऱ्या उतरला, दुसऱ्या पायऱ्या चढला.

"शेठ, मास्तर म्हणतेत गुळगुळीतच पाहिजे."

"गुळगुळीत कशाला, फळाच म्हणावं," मुकुंदशेठ म्हणाले. "खडू घेऊन बसेल वर गणितं सोडवत. पुण्याला बंगल्यांना हल्ली ते टोचणारं करतात, तसलं करता येतं का तुला?"

"टोचनारं? अवघड हाय शेठ." गुरुसिद्धप्पाने मान खाजवली. "पन तुमच्यासाटी करतो."

तो खाली आला तेव्हा चेहरा असा होता की जणू दोन्ही भावांना त्याने थापीवर घेऊन भिंतीवर मारलं. पार्वतम्मा वाळू चाळत होती. तिने वर न बघता "हुच्चा" एवढंच म्हटलं. कानडीत याचा अर्थ वेडा. ती हा शब्द दिवसातून अनेकदा, वेगवेगळ्या मायेने वापरायची.

काम सुरू झालं. बाहेरून बांबूंची परांची बांधली आणि तिला रस्त्याच्या बाजूने जुन्या पोत्यांची तरटं टांगली. ओल्या भिंतीला ऊन लागू नये म्हणून, शिवाय कोणाची नजर लागू नये म्हणून. गुरुसिद्धप्पाचा भर नजरेवर जास्त होता. मास्तर दिवसभर शाळेत, शेठ दुकानात. संध्याकाळी दोघे आपापली बाजू तरट उचलून बघायचे आणि समाधानाने आत जायचे. दुसऱ्याची बाजू बघायला मान वळवणं म्हणजे त्यात आपल्याला रस आहे असं दाखवणं. ते दोघांनाही मंजूर नव्हतं.

तरटामागून थापीचा आवाज यायचा, सट, सट, सट. मी एकदा आत जाऊन बघितलं. गुरुसिद्धप्पा बोलत नव्हता. दाणे कुठे दाट पडले, कुठे विरळ, हे बघत तो एक पाय मागे टाकून उभा होता. परांचीच्या फळीवर मागे जायला जागा किती असणार? पार्वतम्मा खालून त्याच्या धोतराचा सोगा धरून उभी होती.

भिंत मुरल्यावर एका रविवारी सकाळी त्याने तरटं उतरवली. रस्त्यावर लोक थांबले, मीही खाली उतरलो. ऊन तिरपं होतं, प्रत्येक दाण्याची सावली पडली होती. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच अंगाची दिसत होती.

तेच चुकलं. मास्तर पंच्यात आणि शेठ कडक इस्त्रीत, दोघे रस्त्यावर येऊन उभे राहिले आणि भिंतीकडे बघतच राहिले.

"धाकट्याला विचारा," मास्तर मला म्हणाले, "याने माझी नक्कल का केली?"

"त्यांना सांगा," शेठही मलाच म्हणाले, "पुण्याचे बंगले मी बघून आलोय. ते कुठे गेले होते? बार्शीला?"

मग दोघांचीही नजर गुरुसिद्धप्पाकडे गेली. त्याने तोंड उघडलं, पण पार्वतम्माने त्याला कोपराने ढोसलं आणि ते पुन्हा मिटलं.

"काही असो," मास्तर म्हणाले. "एक घर असल्यासारखं दिसतंय. हे चालणार नाही. मध्ये काहीतरी केलं पाहिजे."

इथे मला पॉलिटेक्निक आठवलं. मी उत्साहाने म्हणालो की लांब भिंतीला गिलाव्यात उभी खाच ठेवणं शास्त्रशुद्धच आहे. छिन्नीने अर्धा इंच रुंद खाच पाडली की हद्दही दिसेल आणि पुढेमागे तडा गेला तर खाचेतच जाईल.

"बघा, इंजिनीअर म्हणतोय," दोघे भाऊ एकदम म्हणाले आणि एकदम म्हटल्याबद्दल एकमेकांवर चिडले.

गुरुसिद्धप्पा माझ्याजवळ आला. त्याचा आवाज लहान झाला होता. "साहेब, नवरीच्या तोंडावर मदोमद रेघ मारत्यात व्हय? वाळलेल्या दान्यावर छिन्नी लावली की दोन्हीकडचे दाने झडत्यात. ते परत भरता येत न्हाईत. माझी एकच भिंत हाय रस्त्यावर. तुमाला लई हायत फुडं."

मी सल्ला मागे घेऊ लागलो, पण सल्ला आता माझा राहिला नव्हता. खाच कोणाच्या हद्दीत यावर वाद सुरू झाला होता. शेठ म्हणाले, निम्मी त्यांची, निम्मी माझी. मास्तर म्हणाले, मग त्यात पाणी मुरलं तर निम्मं पाणी कोणाचं? शेठ म्हणाले, ज्याला गणित येतं त्याने मोजावं. कोणीतरी बाकडं आणून रस्त्यातच बसलं. चहावाला आपणहून आला.

शेवटी ठरलं की आत वाटणीची भिंत जिथे आहे, बरोबर तिथेच बाहेर खाच पाडायची. माळवदावर त्या भिंतीचा बांध वर आलेला होता. दोघे भाऊ वर चढले, कारण दुसरा ओळंबा कुठून सोडेल यावर दोघांचाही विश्वास नव्हता. गुरुसिद्धप्पा खाली छिन्नी घेऊन उभा. सुळावर चढवायच्या माणसाला सूळ धरायला द्यावा तसा. पार्वतम्मा त्याच्यापासून लांब, घमेल्यावर बसून होती.

ओळंब्याचा गोळा दोरीला लटकून खाली आला, हलला आणि स्थिर झाला.

रस्त्यावरचे सगळे चार पावलं पुढे सरकले. सगळ्यांना वाटलं होतं, दोरी दोन दारांच्या बरोबर मधे येईल. ती आली मुकुंदशेठच्या दाराला जवळजवळ खेटून. वाटणी खोल्या मोजून झाली होती. खोल्यांची संख्या सारखीच होती, पण थोरल्याच्या पुढच्या खोल्या रुंद होत्या आणि धाकट्याच्या मागे लांबट. आत राहून हे कधी कोणाला जाणवलं नव्हतं, आणि बाहेर इतकी वर्षं दंतमंजनाची बाई पसरली होती. आता दोरी सांगत होती की रस्त्याकडची जवळजवळ सगळी भिंत मास्तरांची आणि शेठच्या वाट्याला एक दार आणि दाराची कड.

"अरे," बाकड्यावरचा कोणीतरी म्हणाला, "शेठचं तर एवढंच?"

वरून दोन डोकी खाली बघत होती. मुकुंदशेठचा चेहरा पडला. आख्ख्या पेठेला साड्या नेसवणारा माणूस, आणि त्याची भिंत टॉवेलाएवढी. ती खाच रोज हजार गिऱ्हाइकं बघणार होती. मास्तरांचा चेहरा त्याहून वाईट झाला. मुलांना समान भाग शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता.

गुरुसिद्धप्पाने छिन्नी टेकवली. उचलली, पुन्हा टेकवली. "शेठ, हितंच पाडू?"

वरचं शेठचं डोकं मागे सरकलं.

"मास्तर?"

मास्तर खाकरले. मग ते आपल्या धाकट्या भावाकडे वळून, मधे कोणालाही न घेता म्हणाले, "मुकुंदा, खाचेत खरंच पाणी मुरेल, नाही का रे?"

"मुरेल," शेठ घाईने म्हणाले. "माळवद मातीचं. नकोच ते."

"भिंत तशी वाईट नाही."

"पुण्याला अशीच असते."

दोरी वर खेचली गेली. ती नेमकी कुठे पडली होती हे लोक विसरावेत म्हणून शेठनी सगळ्यांना चहा सांगितला, आणि मास्तरांनी, ही गोष्ट मी स्वतः पाहिली, त्यात बिस्किटांची भर घातली.

दोघांचं मन फिरायच्या आत गुरुसिद्धप्पाने परांची सोडायला घेतली. बांबूंनी भिंतीत पडलेली भोकं एकेक करून बुजवली, त्यावर दाणे मारले. दुपारपर्यंत त्याचा आवाज परत आला होता. बाकड्यावरच्यांना तो सांगत होता की ओळंबा कुठं पडनार हे त्याला पहिल्या दिवसापासून म्हाईत होतं, म्हणूनच तर त्याने छिन्नी धरली. मी ती छिन्नी दोनदा टेकताना पाहिली होती, पण त्या सल्ल्यानंतर मला बोलायला तोंड उरलं नव्हतं.

संध्याकाळी पार्वतम्मा हत्यारं धूत होती. तो तिला हाताला धरून रस्त्याच्या पलीकडे, माझ्या गॅलरीखाली घेऊन आला. इतकी वर्षं तिने त्याच्या भिंती नाकासमोरूनच पाहिल्या होत्या.

"बग," तो म्हणाला. "तिकडून हिकडं बग. मास्तरचं कुटं संपतंय, शेठचं कुटं लागतंय, सांग."

तिने पदराने डोळ्यांवरचं ऊन अडवलं. बराच वेळ बघत राहिली. एक टांगा गेला, सायकली गेल्या, एक बाई खरोखरच मान वर करून बघत गेली.

"न्हाय कळत," पार्वतम्मा म्हणाली.

तो थांबला. तिने आणखी काही म्हणावं म्हणून थांबला. ती भिंतीकडेच बघत होती.

"मंजे चांगली हाय की न्हाय?"

"न्हाय कळत म्हटलं की," ती म्हणाली. "आता ते तोंड धुवा आदी. लोक भिंत बगायची सोडून तुमालाच बगायलेत."