हिरवे ठिपके
दादरच्या फुलबाजारात झेंडूचे ढीग लागले, की त्या ओलसर, कडवट वासानं माझं डोकं अजून फिरतं. परळच्या प्रयोगशाळेत तेव्हा आम्ही तिघी एकाच गोष्टीमागे हात धुऊन लागलो होतो: आजारपणात शरीराची संरक्षण यंत्रणा मेंदूला जो निरोप धाडते, त्यानं पेशींमधले आठवणींचे सांधे कसे बदलतात? तो निरोप, त्याला चिकटणारा रंग घातल्यावर, सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा चमकायला हवा होता, पण महिनोन्‌महिने काचेवर नुसता काळोख. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र उंदराच्या मेंदूच्या पातळ कापावर हिरवे ठिपके लखलखले. माझी सहकारी किंचाळलीच, "अगं बघ, सांध्यांवरच आहेत!" आमच्या प्रमुख मॅडम धावत आल्या, म्हणाल्या, "आधी मेंदूचा काप नसलेली कोरी काच लावून बघ." काचांच्या त्याच डब्यातली कोरी काच मी लावली, तर तीही चमकली. मग सहकारीनं डब्याचं झाकण उलटं केलं. आत झेंडूची पाकळी चिकटली होती आणि भोवती पिवळी पूड. "मॅडम, काल दसऱ्याच्या पूजेत हा डबापण ठेवलेला?" "यंत्रांबरोबर त्यालाही हळदकुंकू वाहिलं गं मीच," मॅडम हळूच म्हणाल्या. हळद सूक्ष्मदर्शकाच्या निळ्या प्रकाशात हिरवी चमकते, हे तिघींनाही पाठ होतं. मी अख्खा डबा फेकून दिला. आता दसऱ्याचं तोरण आमच्या दाराबाहेरच थांबतं. कोरी काच काळीकुट्ट दिसते, अगदी हवी तशी. मेंदूच्या कापाची काचही अजून तशीच काळी दिसते.