डाव्या सीटखालचा कापूस

मी वर्ध्यात गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करायचो, त्यामुळे चकाकणाऱ्या रंगाचा मला मुळातच संशय. नव्वदचं दशक सरत आलं होतं. धाकट्या बहिणीच्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या जवाईबुवांनी, हिंगणघाटची एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार पसंत केली. दोन सीटची, उघड्या टपाची, काचेच्या बाटलीसारखी हिरवी. घ्यायच्या आधी मी पाहावी म्हणून मला बोलावलं. बहीणही सोबत होती, कारण त्याच गाडीत बसवून तिला आर्वीला घरी न्यायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

गाडी एका बंद पडलेल्या, कापसातली सरकी काढायच्या जिनिंगच्या शेडमध्ये उभी होती. बाहेर एप्रिलचं ऊन भाजून काढत होतं आणि आत ओलसर, कुबट वास. त्यात पेट्रोलचाही. गाडीचा आणि जिनिंगचा मालक एकच; त्यानं आम्ही येण्याआधीच इंजिन सुरू करून ठेवलं होतं. गार इंजिन दाखवायला जो घाबरतो, त्याच्यावर मी काडीचा विश्वास ठेवत नाही.

"इंजिन आयका, भाऊ," मालक म्हणाला. "खालून काय पाह्यता? जॅक लावला तर रंगाले ओरखडे पडतीन."

इंजिन खरंच छान होतं, आणि त्यानंच माझी धास्ती वाढली; म्हणजे लपवायचं ते खालीच असणार. मी खिशातून जुन्या रेडिओच्या स्पीकरचं लोहचुंबक काढून दारावर टेकवलं. चिकटलं. मग दाराखालच्या पट्टीवर टेकवलं; बिनछपराच्या गाडीचा सगळा भार तिच्यावरच असतो. तिथं ते पडलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा जमिनीवर. रंगाखाली पत्रा उरलाच नव्हता, सगळी पुट्टी.

डाव्या सीटपुढचा गालिचा उचलून मी तळावर स्क्रूड्रायव्हर ठेवला. जोर न लावताच तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर टोकाला कापूस, तेलानं काळा पडलेला. जिनिंगवाल्याला भोकं बुजवायला दुसरं काय सुचणार! कुजलेल्या तळात कापूस कोंबून वरून पुट्टी आणि रंग. आणि वीतभर खालून सायलेन्सरचा तापलेला पाइप. बहीण बसणार होती ती हीच सीट.

तिथंच बोलायला हवं होतं. पण जवाईबुवा मालकासमोर हात मागं बांधून ऐटीत उभे होते, आणि चारचौघांत जावयाला खोटं पाडायचं नाही, हे आमच्या घरात अंगवळणी पडलेलं. मी गालिचा होता तसा टाकला. म्हटलं, चहाला बाहेर पडलो की कानात सांगू.

"कशी हाये, भाऊ?" जवाईबुवांनी विचारलं.

"पाहू," मी म्हणालो.

त्याचा त्यांनी होकार धरला. मी हत्यारं आवरेपर्यंत मालकाच्या हातात हात देऊन झाला, बहिणीला डावीकडे बसवून झालं. ती हसत होती. गाडी हलली आणि तिच्या पायाशी निळसर धुराची बारीक रेघ दिसली.

"उतर!" मी ओरडलो ते जवाईबुवांवर. "अक्कल हाये का तुले? जाळाचं हाये का तिले?"

जावयाला अरे-तुरे! मी बहिणीला मनगट धरून बाहेर ओढलं, कापूस उपसून दाखवला. तो हाताला चटका देत होता. जवाईबुवांनी त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते तिला घेऊन बसस्टँडकडे चालते झाले.

त्या वर्षी ती भाऊबीजेला आली नाही. पुढच्याही नाही. जीव तर वाचला ना, असं मी स्वतःला बजावत राहिलो आणि मनातल्या मनात जावयाला शिव्या घालत राहिलो.

पाच-सहा वर्षांनी आईला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा बहीण एकटीच आली. बाकावर आम्ही शेजारी बसलो. मीच त्या कापसाचा विषय काढला.

"ठाऊक होतं मले," ती म्हणाली. "बसल्या बसल्या पायाखाली मऊ लागलं. मंग चटके बसाले लागले."

"मंग बोलली काऊन नाई?"

तिनं माझ्याकडे आश्चर्यानं पाहिलं. "गाडी तू पाह्यली होती ना, दादा."