डोळ्यांवर पट्टी, हातावर नाव

फोटोत मी तिच्या डोळ्यांवर काळी पट्टी लावली आणि हातावर गोंदलेलं तिचं नाव तसंच ठेवलं.

ते नाव मी इथे सांगणार नाही. एकदा सांगून झालंय, तेही भल्यामोठ्या फ्लेक्सवर, भर बाजारात.

"आधी तू दाखव." हे तिचं मला उद्देशून पहिलं वाक्य. डहाणूला आमच्या दवाखान्यात कोडावरच्या उपचारांचा अभ्यास चालू होता. एका गटाला नुसतं मलम, दुसऱ्या गटाला तेच मलम आणि वर सकाळचं कोवळं ऊन. कोणाच्या त्वचेत रंग लवकर परततो, ते बघायचं. डॉक्टरबाई तपासायच्या, माझ्याकडे फोटो आणि मापं. मी म्हणालो, "मावशी, बाही वर करा." त्यावर ती हाताची घडी घालून बसली. आधी तू दाखव.

"मला कोड नाही."

"मग लाजतोस कशाला?"

मी बाही वर केली. तिने माझा हात मनगटाला धरून उलटसुलट करून पाहिला. "याने काय उचलतोस रे? पेन?" मग सावकाश स्वतःची बाही वर केली. "आणि मावशी म्हणू नको. माझ्या बहिणीला तुझ्याएवढं पोर असतं तर तिने मला कळवलं असतं. ताई म्हण."

ताई वाढवणकडची. सुकट, बोंबील, खारे मासे घेऊन आतल्या बाजारांना जायची. कधी आशागड, कधी तलासरी. साडीवर पुरुषी शर्ट, पूर्ण बाह्यांचा. अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील. ऊन लागू नये म्हणून नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात. त्यामुळे तिच्या शर्टाकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिलं नव्हतं. आत कोपरापासून मनगटापर्यंत पांढरे चट्टे होते, एक गळ्यावर, तो पदराखाली. पंजे तेवढे सुटले होते. घरात नवरा आणि सासू, एवढ्यांनाच माहीत.

"पंज्यावर उतरलं की माझा धंदा बसला," ती म्हणाली. "सुकट हाताने उचलून द्यावी लागते. गिऱ्हाईक आधी हात बघतं, मग बोंबील."

मी तिला समजावलं की कोड शिवल्याने पसरत नाही. ती म्हणाली, "मला काय सांगतोस? बाजाराला सांग."

हे वाक्य मी पुढे फारच मनावर घेतलं. पण ते नंतर.

ती उन्हाच्या गटात होती. याचं तिला इतकं हसू यायचं की विचारू नका. "जन्मभर फुकट ऊन खाल्लं. आता डॉक्टर लिहून देतात." दवाखान्याच्या गच्चीवर आम्ही चटई टाकून दिली होती. तिथे ती शर्ट काढून, पोलक्याच्या लांब बाह्या वर सारून, समुद्राकडे पाठ करून बसायची. घरच्या अंगणात तसं बसणं शक्य नव्हतं. बाकीच्या पेशंट बायांना हीच आवाज द्यायची, "चला गं, भाजून घ्या." एक पोरगी तोंडावर ओढणी घेऊन यायची, कोणाशी बोलायची नाही. ताईने तिला आपल्या शेजारी बसवलं आणि विचारलं, "तू कुठला मासा?" त्या दिवशी पोरगी पहिल्यांदा हसली.

माझ्या कामाची पद्धत सांगतो, म्हणजे माझा गाढवपणा नीट कळेल. चट्ट्यावर पारदर्शक कागद ठेवायचा, पेनाने कडा गिरवायची, म्हणजे चट्टा वाढला की आटला ते मोजता येतं. ताई त्याला नकाशा म्हणायची. "काढ, माझा सातबारा काढ." मग फोटो. दर वेळी तोच उजेड, तेच अंतर, तीच चौकट. गळ्याचा आणि हाताचा चट्टा एकाच फोटोत यावा म्हणून मी तिला हात गालाला टेकवून बसवायचो. आणि चौकट हलू नये म्हणून एक खूण धरली होती. तिच्या हातावरच्या गोंदणाची ओळ फोटोच्या खालच्या कडेला बरोबर समांतर आली पाहिजे. ती ओळ म्हणजे तिचं नाव. लहानपणी जत्रेत गोंदवून घेतलेलं, हिरवं, ठसठशीत. मी कित्येक महिने ते नाव कॅमेऱ्यातून सरळ करत होतो. वाचलं एकदाही नाही.

आणि रंग परत येत होता! कोडात तो एकदम येत नाही. पांढऱ्यात केसांच्या मुळाशी तपकिरी ठिपके उगवतात, कोणी तीळ सांडल्यासारखे, मग ते एकमेकांना जाऊन मिळतात. तिचे पहिले ठिपके दिसले तेव्हा मी तिच्यापेक्षा मोठ्याने ओरडलो. तिने त्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "अर्ध्या बाहीचं पोलकं शिवायला टाकू का?" विचारलं मला, पण बोलत होती स्वतःशी.

मग अभ्यासाला आणखी पेशंट हवे झाले. तलासरीच्या बाजारात शिबिर घ्यायचं ठरलं आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, एक फलक कर. नुसता मजकूर, असं त्यांच्या मनात. मला वाटलं, मजकूर कोण वाचतो? फोटो हवा. 'आधी' आणि 'नंतर'. ताईने फोटोला होकार दिलेला होताच. तो डॉक्टर लोकांना दाखवण्यापुरता, आणि तोंड दिसता कामा नये या अटीवर. बंदराच्या विरोधातल्या मोर्चात ती पुढे असायची, पेपरात फोटो आलेला मला कौतुकाने दाखवला होता. तेव्हाच म्हणाली होती, "हा फोटो कुठेही लाव. तो चट्ट्यांचा मात्र नको." मी विचार केला, तोंड तर झाकतोच आहे. काळी पट्टी लावली. फ्लेक्सवाला म्हणाला, "मस्त आलंय." मीही म्हणालो, मस्त आलंय.

बाजाराच्या दिवशी फ्लेक्स बांधायला गेलो. वारा होता, गुंडाळी हातात राहीना. समोर सुक्या मासळीची ओळ. ताईने मला झगडताना पाहिलं आणि पाट्या सोडून उठून आली. "सोड, तुझं काम नाही ते." एक टोक तिने धरलं, बांबूला अशी पक्की गाठ मारली की बस. दुसरं टोक मी ओढलं. फ्लेक्स उलगडला.

ती खालून वर बघत उभी राहिली. मी तिच्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने बघत होतो, हे लिहिताना आजही कानशिलं तापतात.

सुकट घ्यायला आलेल्या एका बाईने फ्लेक्स मोठ्याने वाचला. मजकूर नाही, हातावरचं नाव. छोट्या गोंदणाचं दुकानाच्या पाटीएवढं झालं होतं. वाचून ती ताईकडे वळली. "तुझंच नाव ना गं हे?"

ताई म्हणाली, "हो. मीच. बघ, हिरोईन केलंय मला." आणि हसलीसुद्धा.

त्या बाईने पिशवीत घेतलेली सुकट परत ढिगावर ओतली. भांडली नाही, शेजारच्या कोळणीकडे गेली. तिच्यामागून दुसरी गेली. तुमच्या लक्षात आलं असेल, इतकी वर्षं कोड वाढत होतं तेव्हा कोणाला पत्ता नव्हता. जगाला कळलं ते बरं होत असताना, आणि ते मी कळवलं.

डॉक्टरबाईंना कळलं तेव्हा त्यांनी फ्लेक्स स्वतःच्या हाताने फाडला. "तू ते नाव दर वेळी बघत होतास ना?" म्हणाल्या.

"बघत होतो मॅडम. वाचत नव्हतो."

 

माणसाने इथे थांबावं. मी नाही थांबलो. पुढच्या बाजाराला कोणालाही न विचारता मी गेलो आणि चादरी विकणाऱ्याकडून भोंगा मागून घेतला. "बंधू-भगिनींनो, कोड हा शिवल्याने पसरणारा रोग नाही!" इथवर ठीक होतं. पण मला वाटलं, दाखला द्यावा. "उदाहरणार्थ, त्या कोपऱ्यातल्या ताई…" सगळा बाजार कोपऱ्याकडे वळला. ज्यांनी फ्लेक्स पाहिला नव्हता तेही. ताई तिथूनच ओरडली, "अरे, गप बस!" मी गप बसण्याऐवजी तिच्या पाटीपाशी गेलो, मूठभर सुकट उचलली आणि सगळ्यांदेखत कच्चीच तोंडात टाकली. बघा, मी खातो!

कच्ची सुकट कधी खाल्ली आहे? खाऊ नका. ती घशात उभी राहते. मला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "बघा, खाल्ली आणि लागलं की लगेच!" लोक हसले.

ताईने आपली पाण्याची बाटली पुढे केली. मी घेतली. खिशातून रुमाल काढला, बाटलीचं तोंड पुसलं आणि प्यायलो.

सवय म्हणा. मी कोणाचीही बाटली तशीच पुसतो. डॉक्टरबाईंचीसुद्धा पुसली असती. पण हे तिला कसं सांगणार होतो, भोंग्यावरून? लोकांनी पाहिलं असेल, नसेल. तिने पाहिलं. बाटली परत घेतली, झाकण लावलं, पाट्या एकावर एक चढवल्या आणि चालू लागली. शिवी दिली असती तर मी ती जपून ठेवली असती.

ती पुन्हा दवाखान्यात आली नाही. गच्चीवरची ती पोरगी विचारायची, "ताई कुठे?" मी म्हणायचो, कामात असतील. आमच्या भाषेत अशा पेशंटला 'संपर्काबाहेर' म्हणतात. लिहायला सोपं आहे. संपर्कातूनच तर गेली होती ती.

डॉक्टरबाई म्हणाल्या, मलम मध्येच सोडलं तर आलेला रंग टिकेलच असं नाही, निदान ते तरी पोचवून ये. आणि माफी माग, भाषण करू नकोस. मी वाढवणला गेलो. घरात ताई नव्हती. अंगणात तिची सासू बोंबील उलटवत बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

"तो तू होय," म्हणाली. "आता ती पार गुजरातच्या हद्दीत जाते विकायला. पहाटेच निघते. तिथे कोणी ओळखत नाही."

"आजी, माझं चुकलं."

"ते माहीत आहे. पिशवीत काय आहे?"

मी पाठीवरची बॅग पुढे घेऊन मलमाच्या नळ्या काढल्या. तिने पटकन पदराखाली घेतल्या. मला बरं वाटलं, घेतल्या तरी. "लावेल ना त्या?"

"मी लावते तिला. रोज लावत होते, संपलं होतं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाजारात कळलं ते कळलं. गावात अजून कोणाला ठाऊक नाही. तू परत येऊ नको. संपलं की तिचा नवरा येऊन घेऊन जाईल."

मी मान हलवली, बॅग परत पाठीवर टाकली आणि वळलो. शेजारच्या ओट्यावरून एका बाईने हाक मारली, "कोण आलंय गं?"

"मीटर बघणारा!" म्हातारीने ओरडून सांगितलं.

 शेजारीण माझ्या पाठीकडे टक लावून बघत होती, ओठ हलवत. अभ्यास सुरू झाला तेव्हा आम्हा सगळ्यांना एकसारख्या बॅगा मिळाल्या होत्या, मागच्या बाजूला ठळक छापलेल्या: कोड उपचार संशोधन प्रकल्प.

म्हातारी उठली, माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि दात-ओठ खात म्हणाली, "मीटरवाल्याच्या पाठीवर कोड लिहिलेलं असतं का रे, बैला?"