सारजाबाईंची दोन मनगटं

सणसरच्या त्या घरात सकाळचा चहा नुकता उकळी धरत होता, तेवढ्यात दार वाजलं. कुरिअरवाल्यानं दिलेलं खोकं सुप्रियानं उभ्याउभ्याच फोडलं. आत दोन अत्तरं, दोन्ही अंबरची, दोन्ही ‘खास थंडीसाठी’. आठवडाभर मोबाइलवर लोकांचे अभिप्राय वाचून निवड दोनावर आली होती आणि तिथंच गाडी अडली होती.

अत्तर सासूबाईंसाठी, सारजाबाईंसाठी होतं, हे मात्र तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. उद्या बारामतीत लेकीचा, छकुलीचा, साखरपुडा. सारजाबाई पहिल्या रांगेत बसणार आणि त्यांच्या घोंगडीबरोबर सगळ्या मेंढवाड्याचा वास कार्यालयात येणार. घरची मेंढरं कधीच विकली, रानात ऊस उभा राहिला. तरी म्हातारीनं हट्टानं चार मेंढ्या ठेवल्याच होत्या.

“आत्या, हात द्या बघू.” सुप्रियानं एका मनगटावर एक अत्तर उडवलं, दुसऱ्यावर दुसरं. “कुठलं चांगलं?”

सारजाबाईंनी डोळे मिटून हुंगलं. “ह्यो गुऱ्हाळाच्या काहिलीचा. आन् ह्यो उदाचा, पर शेजारी कुणीतरी नवी वहाण ठेवलीया.”

आठवड्याचं वाचन दोन वाक्यांत संपलं.

“नाक हाय म्हणून मेंढरं राखली, बाई!”

तेवढ्यात गोठ्यात कोकरू ओरडलं. त्याची आई मेली होती आणि दुसऱ्या एका मेंढीचं पिल्लू दगावलं होतं. त्या मेंढीचं दूध कोकराच्या अंगाला चोळून सारजाबाई तीन दिवस तिला ‘हे तुझंच पिल्लू’ असं फसवत होत्या. काल कुठं तिनं त्याला पाजलं होतं. सवयीनं त्या उठल्या, कोकरू उचलून तिच्यापुढं धरलं. मेंढीनं हुंगलं, फुरफुरली आणि अशी धडक दिली, की कोकरू भिंतीशी जाऊन पडलं.

“अगं बया! हात तसंच व्हतं की माझं.”

त्यांनी राखेनं मनगटं लाल होईस्तोवर घासली, कोकराला पुन्हा दूध चोळलं. मेंढी तोंड फिरवून उभी. अत्तरानं आपलं काम चोख केलं होतं. सारजाबाईंच्या अंगाला मेंढरांचा वास उरला नव्हता.

दोन्ही बाटल्या हातात घेऊन सुप्रिया गोठ्याच्या दारात आली. “आत्या, माझंच चुकलं.”

“तोंड कशाला पाडतीस? अत्तर कुणापायी आणलंस, ते मला कळत न्हाय व्हय?” सारजाबाई कोकराच्या पायावरून हात फिरवत म्हणाल्या. “उद्या कुठलंबी लाव. घोंगडीबी न्हाय आणत. फकस्त सकाळी हिनं ह्याला पाजेस्तवर थांब.”