ऑर्विल स्कोगस्टाडने दिलेलं मत

ऑर्विल स्कोगस्टाडने तेहतीस वर्षं कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या एल्वाड गावात ट्रॅक्टर आणि कापणीची यंत्रं विकली. नुसती विकली नाहीत, निभावली. ऐन कापणीत कुणाचा पट्टा तुटला की रविवारची प्रार्थना अर्धी टाकून तो दुकान उघडायचा, आणि पाद्र्याने डोळे वटारले तर म्हणायचा, "गहू त्यानेच पिकवलाय ना, मग घाईसुद्धा त्याला कळत असेल." गावाला हा माणूस आवडायचा. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने विधानसभेचं तिकीट दिलं तेव्हा त्याने भाषणं अशी केलीच नाहीत. कमाईपेक्षा जास्त खर्च करायचा नाही, घराने नाही आणि सरकारनेही नाही, एवढंच सांगत तो फिरला आणि निवडून आला. त्याचा त्यावर मनापासून विश्वास होता, आणि तोच पुढे त्याला नडला.

दुसऱ्याच वर्षी सरकारने खर्चाला कात्री लावली. बंद करायच्या लहान हॉस्पिटलांच्या यादीत एल्वाडचंही नाव निघालं. बारा खाटा होत्या तिथे. ऑर्विलच्या तिन्ही मुली तिथेच जन्मल्या होत्या आणि बायको डोरिन एकोणीस वर्षं तिथे नर्स होती.

"मतदानाच्या दिवशी आजारी पड," डोरिनने फोनवर सांगितलं. "सगळे पडतात. कोण विचारतंय?"

"बाकीच्या गावांची बंद होऊ द्यायची आणि आपलं नाव आलं की अंथरुणात शिरायचं? मला नाही जमणार गं."

"मग गावात तोंड तू दाखव," म्हणून तिने फोन ठेवला.

त्याने यादीच्या बाजूने मत दिलं.

शनिवारी सकाळी तो गावच्या कॅफेत गेला. राजधानी एडमंटनहून येताना वाटभर त्याने उत्तरं जुळवली होती. खिडकीजवळच्या लांब टेबलाशी नेहमीचे सहा शेतकरी बसले होते. त्यांनी सरकून जागा दिली.

"बस, ऑर्विल," त्याचा शाळेपासूनचा मित्र एल्मर क्राट्झ म्हणाला. "रस्त्यावर बर्फ लागलं का रे?"

मग थंडीवर बोलणं झालं, हॉकीवर झालं, त्या सहांतल्याच गसच्या नव्या ट्रकवर झालं. गसला ट्रक उलटा घेता येत नाही यावर सगळे हसले. हॉस्पिटलचा शब्द कुणी काढला नाही. ऑर्विलची उत्तरं पोटातच राहिली.

उठायच्या वेळी फासे निघाले. त्या टेबलावर कॉफीचं बिल फाशांवर ठरतं. ज्याचा आकडा सगळ्यात कमी, तो सगळ्यांचं भरतो. ऑर्विलइतकं त्या टेबलावर कुणी हरलं नव्हतं. फासे फक्त परक्याला देत नाहीत, म्हणजे नवा पाद्री, सरकारी पशुवैद्य, वाट चुकलेला फिरता विक्रेता. एल्मरने फासे टाकले, चामड्याच्या पेल्यात परत भरले, आणि ऑर्विलच्या समोरून हात लांब करून पेला पलीकडे गसला दिला.

"अरे, मी राहिलो ना," ऑर्विल हसत म्हणाला.

"असू दे," एल्मर अगदी गोड आवाजात म्हणाला. "एवढ्या लांबून आलायस. आज आमच्याकडून."

कुणी वर पाहिलं नाही. ऑर्विलने आभार मानले. दुसरं काय करणार?

घरी डोरिन पाव मळत होती. "काय म्हणाले?"

"थंडी फार आहे म्हणाले."

"बरं. आणि बिल कुणाच्या बोकांडी बसलं?"

"गसच्या." तो कोट न काढताच खुर्चीत बसला. "मला फासे दिले नाहीत, डोरिन."

तिचे हात थांबले. ती त्याच गावात जन्मली होती, तिला पुढचं सांगावं लागलं नाही.

"एल्मरने आईवरून शिव्या घातल्या असत्या ना, तर मी सुखाने ऐकून घेतल्या असत्या," एवढं बोलला आणि बाप गेला तेव्हाही न रडलेला ऑर्विल तोंडावर टोपी धरून रडला.

डोरिनचा राग गेला नव्हता. तो पुढेही पुष्कळ वर्षं गेला नाही. तरी पिठाच्या हातांनी ती त्याच्या कोटाची बटणं काढू लागली.