शेपटीतले नाना

शिंप्याच्या दुकानात कात्रणं साठतात ना, तसे किस्से साठतात. एकदाचे फेकून द्यावेत म्हणून पोतं उचलावं, तर वरचंच कात्रण इतकं झकास निघतं की पोतं पुन्हा कोपऱ्यात! मी लतीफ, मूळचा रत्नागिरीचा. कतारला, दोह्यात, नजमा भागातल्या गल्लीत माझं शिलाईचं दुकान. शाळा सातवीतच खलास झाली, त्यामुळे जसं लिहिलंय तसं गोड मानून घ्या. माझ्या पोत्यातली निम्मी कात्रणं एकट्या गनर नानांची आहेत.

नाना नाशिकचे. एकाहत्तरच्या लढाईत एअर फोर्समध्ये होते. त्यांचं विमान खरं तर मालवाहू, पण लढाईत त्यातूनच बॉम्ब टाकायचे. शेपटीत काचेचं एक खोपटं, खोपट्यात बंदूक आणि बंदुकीमागे नाना. तोंड कायम मागे!

"पायलटला कळायचं कुठे चाललोय," नाना सांगतात. "मला फक्त कळायचं, कुठून सुटलो!"

आता ते इथल्याच बिन महमूद भागात मुलीकडे राहतात. संध्याकाळ झाली की माझ्या दुकानात हजर.

*

पहिल्यांदा माझ्या गाडीत बसले तेव्हाची गोष्ट. पुढचं सीट मोकळं, तरी मागे गेले आणि वळून बसले. पाठ माझ्याकडे, तोंड मागच्या काचेकडे. सिग्नल सुटला आणि नाना सुरू!

"मागून पांढरी फोर-बाय-फोर! अंतर कमी होतंय! लाईट मारतोय!"

"नाना, मला आरशात दिसतंय."

"तुझा आरसा गोळी झाडतो का?"

तेव्हापासून नाना गाडीत असले की मी आरशात बघत नाही. अजून एक ओरखडा नाही, माशाल्ला!

*

नाना दोन वेळा विमानासकट आपटले आणि दोन्ही वेळा चालत बाहेर आले.

पहिल्या खेपेला चाकं बाहेरच येईनात. विमान पोटावर उतरलं, घसरत गेलं आणि शेपूट तुटून मागेच राहिलं. पुढची मंडळी उड्या मारून सुखरूप बाहेर. मोजतात तर एक कमी! सगळे बोंबलत मागे धावले. बघतात तर तुटलेल्या शेपटीत नाना पट्टा बांधून बसलेले. हातात इंटरकॉम, त्याची वायर तुटून खाली लोंबतेय, आणि नाना विचारतायत, "कॅप्टन, उतरलो का?"

"अरे, मग बाहेर का नाही आलास?" कॅप्टन ओरडला.

"ऑर्डर नव्हती, सर!"

आम्ही हसून हसून लोळलो. नाना हसले नाहीत. म्हणाले, "पुढून आवाज येईना रे. मला वाटलं, पुढचे सगळे गेले."

मी मशीनमध्ये दोरा ओवायला लागलो.

*

दुसऱ्या खेपेला खालून तोफेचा गोळा लागला आणि विमान शेतात उतरवावं लागलं. हा किस्सा ऐकायला आमचे जोशी टपलेलेच असतात. जोशी पुण्याचे, गॅसच्या प्लांटवर इंजिनिअर. सुट्टीच्या दिवशी येतात, माझा करक, म्हणजे इथला कडक दुधाळ, चहा पितात आणि आमच्या चुका काढतात.

"एक मिनिट, नाना. आज ऊस म्हणालात. मागच्या शुक्रवारी मोहरीचं शेत होतं."

"जोशी, तुम्ही कधी शेपटीत बसलायत?"

"नाही."

"मग बोलू नका. पुढच्यांना ऊस लागला. मी पोचेपर्यंत मोहरी आली होती!"

जोशींनी त्या दिवशी चहा अर्धाच प्यायला.

*

आता मुद्द्याचं. हे दोनदा आपटलेले नाना विमानात बसायला तयार नाहीत! मुलीने, वैशालीने, त्यांना इकडे आणलं ते डॉक्टरची झोपेची गोळी देऊन. दोह्याला जागे झाले आणि पहिलं वाक्य काय? "माझी ड्यूटी कोणी केली?" वर शपथ घेतली, पुन्हा गोळी नाही आणि विमानही नाही.

आणि अशात नाशिकला नातीचं लग्न ठरलं. मनूचं. तिने फोनवर सांगून टाकलं, "आजोबा आले नाहीत तर मी बोहल्यावर चढणार नाही." आजोबा म्हणाले, "व्हिडिओवर अक्षता टाकतो." पोरगी रडली. मग वैशाली दुकानात येऊन रडली. "चाचा, तुम्ही सगळ्यांना गंडवता. एकदा बाबांना गंडवा ना!"

काय पण ख्याती कमावलीय मी!

*

जोशींचं घर अल थुमामाला, विमानतळाजवळ. मी नानांना चहाच्या निमित्ताने त्यांच्या गच्चीवर नेलं. म्हटलं, एकामागून एक विमानं बघून भीती मरेल. जोशींनी तर भाषण तयार ठेवलं होतं, विमानप्रवास कसा सगळ्यात सेफ वगैरे.

नाना ऐकतच नव्हते. एकेक विमान खाली येई आणि नाना पुटपुटत, "टेल ओके." पुढचं आलं, "टेल ओके."

"हे काय, नाना?"

"उतरायच्या आधी कॅप्टन विचारायचा, टेल? मी मागचं सगळं बघून सांगायचो, टेल ओके. मगच चाकं टेकायची. चाकं नव्हती त्या दिवशीसुद्धा त्याने विचारलं होतं." नाना विमानांकडे बघत राहिले. "मी भीत नाही, लतीफ. पण या विमानांत मागच्याला कोणी विचारतच नाही!"

जोशींनी भाषण गिळलं.

मी म्हटलं, "एवढंच ना? मी विचारतो!"

*

तिकीटवाला म्हणाला, "चाचा, शेवटची रांग? टॉयलेटच्या बाजूला? पुढे अजून कितीतरी सीटा मोकळ्या आहेत!" म्हटलं, "एक तीच दे आणि एक पार पुढची. आम्ही ड्यूटीवर आहोत."

बसल्या बसल्या मी वळून बघितलं. नाना मागे एका फिलिपिनो एअरहोस्टेसला हातवारे करून काहीतरी समजावत होते. पोरगी मान डोलावत होती. म्हटलं, चला, पाणी मागत असतील.

मुंबई आली. पट्टे बांधले. खाली छपरं दिसायला लागली. जबान दिली होती. मान वळवली आणि गल्लीत गिऱ्हाइकाला हाक मारतो तसा ओरडलो, "नाना! टेल?"

सगळं विमान माझ्याकडे बघायला लागलं. मागून काही नाही.

चाकं खडखडत बाहेर आली. मला ती तुटलेली वायर दिसायला लागली. "अहो नाना! टेल?"

काही नाही.

शेजारचा म्हणाला, "चाचा, तबियत ठीक है?" मी पट्ट्याला हात घातला, आता उठतोच, आणि तेवढ्यात पार मागून त्या पोरीचा खणखणीत आवाज आला,

"टेल ओके, कॅप्टन! ही इज स्लीपिंग!"