तू झुर

अक्काची वाचा जाऊन अठरा दिवस झाले होते. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. घाटनांदुरात जिच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती, ती अर्धांगाच्या झटक्यानंतर नुसती छताकडे बघत पडलेली. अंबाजोगाईहून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "अशा पेशंटला कधीकधी जुन्या गाण्यावरून शब्द सापडतो. लहानपणी म्हणायच्या असं एखादं ऐकवून बघा." कुठलं गाणं, ते मला लगेच कळलं. तरी मी दोन दिवस तोंड उघडलं नाही, कारण त्या गाण्याची मला भीती वाटते. साठीला आलेली बाई गाण्याला भिते, हसा खुशाल.

आम्ही शाळेत असताना मामानं पाँडिचेरीहून एक फ्रेंच कॅसेट आणली होती. कव्हरवर अक्काच्याच वयाची, कपाळावर केस सोडलेली पोरगी. त्यातलं पहिलं गाणं अक्कानं पाठ केलं, म्हणजे आमच्या कानांना जसं ऐकू आलं तसं. दर कडव्याला एक शब्द यायचा, तो आम्हाला 'तू झुर' असा ऐकू यायचा. अक्का माझ्याकडं बोट करून तेवढंच म्हणायची, "तू झुर, तू झुर," आणि मी चिडून रडायचे.

त्याच वर्षी मला कावीळ झाली. मी खरंच झुरले, अंगात नुसती हाडं राहिली. अक्का रोज सकाळी मला दारातल्या उजेडात न्यायची आणि डोळ्याची खालची पापणी ओढून पिवळं गेलं का बघायची. आपल्याच तोंडानं हे झालं, असं तिनं मनाशी धरलं होतं. कॅसेट तिनं ज्वारीच्या कणगीत हात घालून तळाशी पुरली. मी बरी झाले, पण त्यानंतर ते गाणं तिनं कधी गुणगुणलंसुद्धा नाही.

शेवटी मी तिच्या सुनेला हे सगळं सांगितलं. तिनं मला मोबाईलपुढं चाल गुणगुणायला लावली. माझ्या बेसूर आवाजावरून त्या यंत्राला गाणं सापडलं, याचंच मला नवल वाटलं.

"मावशी, ही बाई अजून गाती हाय की!"

पडद्यावर केस पिकलेली, कपाळावरची झुलपं तशीच ठेवलेली म्हातारी होती. मी मोबाईल कानाशी धरून थोडं ऐकलं. गाणं तेच, फक्त आवाज खाली उतरलेला. सुनेनं तो शब्दही शोधला. त्याच्या अर्थाचा झुरण्याशी दूरचासुद्धा संबंध नव्हता.

"कायम, असा अर्थ हाय बगा."

मला हसू आलं, पण ते लगेच विरलं. कायम म्हणजे काय? अक्का अशीच पडून राहणार, कायम?

"आता कावून थांबलाव? लावा की," सून म्हणाली.

मला लावायचं नव्हतं. अक्कापुढं गाणं वाजलं नव्हतं तोवर ती आत कुठंतरी आहे असं मला म्हणता येत होतं. वाजल्यावरही ती छताकडंच बघत राहिली, तर मग म्हणायला काही उरणार नव्हतं. माझं बोट दोनदा भलतीकडंच लागलं.

दुपारचे चार वाजले असतील. पहिलं कडवं संपत आलं तरी अक्काची नजर हलली नाही. मग तो शब्द आला.

अक्काचा डावा हात गोधडीवरून उठला. चाचपडत तो मोबाईलपर्यंत आला आणि तिनं जिवाच्या आकांतानं तो ढकलून दिला. मोबाईल जमिनीवर पडला आणि तिथूनही गातच राहिला.

"न्हाई," अक्का म्हणाली. शब्द जाड होता, पण शब्द होता. "न्हाई... म्हनू... न्हाई."

सून रडायलाच लागली. मी सांगत होते, अक्का, त्याचा अर्थ तसा नाही गं, आपणच चुकीचं ऐकलं. तिला ते कळलं की नाही, ठाऊक नाही. तिचा हात माझ्या गालावर आला, अंगठा डोळ्याखाली टेकला आणि तिनं माझी पापणी खाली ओढली.

तिला नीट दिसावं म्हणून मी खिडकीकडं तोंड केलं.